रद्दीत गेलेल्या कादंबऱ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अशी उभी राहून चारचौघींपुढे बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती, पुढची शाळा नदीपलीकडे होती, आणि मुलीच्या जातीने रोज नदी ओलांडून जाऊ नये असे घरात ठरले. म्हणून माझे शिक्षण नदीच्या अलीकडे थांबले. चिटणीसबाईंनी मला ‘उन्हाळी वाळवणे’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. पापड-कुरडयांवर मी घटकाभर सहज बोलले असते. पण यंदाच्या वाळवणात माझ्या घरी जे घडले ते सांगितल्यावाचून मला राहवेना, म्हणून मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला. त्याबद्दल त्यांचे आभार.

माझा विषय आहे अंतराळातल्या कादंबऱ्या. इंग्रजीत त्यांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात. माझ्या तोंडी हा शब्द ऐकून कोणी हसले तर मला राग येणार नाही, कारण गेल्या एप्रिलपर्यंत मीही हसलेच असते. हसले असते असे तरी का म्हणू? मी त्याहून वाईट केले.

माझी धाकटी मुलगी अकरावीला गणितात नापास झाली. तिला इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याचा नाद. पुण्याला मावशीकडे गेली की अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके घेऊन यायची. त्यांवरची चित्रे काय सांगू! आगीच्या ज्वाळा सोडणारी विमाने, हातात पिस्तूल घेतलेले पुरुष, एकीवर तर अर्धीमुर्धी वस्त्रे घातलेली बाई. निकालाच्या दिवशी माझा संताप अनावर झाला. ती बाहेर गेलेली असताना मी कपाटातली अकरा पुस्तके काढली आणि दारावर आलेल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. अडीच किलो भरली. सदतीस रुपये आले. त्या पैशांची मी मिरची-कोथिंबीर आणि लिंबे आणली.

संध्याकाळी तिला कळले. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, “आई, त्यांतले एक तरी तू वाचले होतेस का?” मी म्हटले, “मला कुठे इंग्रजी येते?” ती म्हणाली, “मग ती वाईट आहेत हे कुणी सांगितले तुला?” ह्याला मजजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरते बोलू लागली. जेवायला वाढ, पाणी दे, येते, जाते. बायांनो, मुलगी भांडली तर परवडते. ती गप्प बसली म्हणजे घर खायला उठते.

मला माझे लहानपण आठवले. मी ‘चांदोबा’ वाचीत असे. विक्रम आणि वेताळाची गोष्ट कधी येते याची महिनाभर वाट पाहत असे. एकदा दूध उतू गेले आणि माझ्या हातात चांदोबा होता. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो अंक माझ्यादेखत चुलीत घातला. मी तेव्हा मनाशी म्हटले होते, आपल्या मुलांची पुस्तके आपण कधी जाळणार नाही. जाळली नाहीत खरी. विकली.

मे महिन्यात पापड घातले. तीन किलो उडदाचे पीठ. गच्चीवर शेजारच्या दोघी-तिघी मदतीला आल्या. धाकटी लाट्या करून देत होती, तोंडातून शब्द नाही. शेवटी मीच म्हटले, “तुझ्या त्या पुस्तकांत असते तरी काय, सांग की आम्हाला. हात चालतील, कान मोकळेच आहेत.” तिने माझ्याकडे पाहिले. मी थट्टा करते आहे की काय याचा अंदाज घेतला असावा. मग म्हणाली, “दोन राहिली आहेत. गादीखाली होती म्हणून वाचली.” आणि त्या दिवसापासून, पापड संपून कुरडया आणि कुरडया संपून सांडगे होईपर्यंत, रोज थोडे थोडे करून तिने आम्हाला हे सारे सांगितले. आज मी जे सांगणार आहे ते तिचेच आहे. चुकले तर ते मात्र माझे.

आधी नावाचे सांगते. ऑपेरा म्हणजे तिकडचे संगीत नाटक. पण हे नाव काही कौतुकाने दिलेले नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी रोज कौटुंबिक श्रुतिका लागत. रडारड, संशय, दुरावा, पुनर्भेट. त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करीत, कारण ऐकणाऱ्या बहुतेक घरात काम करणाऱ्या बायका असत. म्हणून त्यांना थट्टेने ‘सोप ऑपेरा’, म्हणजे साबणाची संगीत नाटके, म्हणू लागले. घोड्यांवरच्या मारामारीचे सिनेमे झाले ‘हॉर्स ऑपेरा’. आणि १९४१ साली विल्सन टकर नावाच्या लेखकाने अंतराळातल्या रटाळ, घासून घासून गुळगुळीत झालेल्या कथांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणून हिणवले. म्हणजे पाहा, ही मुळात शिवी आहे. आणि त्या शिवीत निम्मा वाटा आपला आहे. दुपारी भांडी घासता घासता बायका जे ऐकतात ते हलकेच असणार, असे त्यात गृहीत धरले आहे. हे ऐकताच माझ्या शेजारच्या काकू लाटणे थांबवून म्हणाल्या, “मग तर पूर्ण ऐकलेच पाहिजे.”

या जातीची पहिली मोठी कादंबरी कोणती, तर ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’. तिचा लेखक ई. ई. स्मिथ. हा गृहस्थ व्यवसायाने पिठाचा रसायनतज्ज्ञ होता. डोनट म्हणून तिकडे मधे भोक असलेला गोड तळणीचा पदार्थ असतो, त्याचे तयार पीठ कसे बनवावे हे त्याचे काम. म्हणजे आपल्या भाजणीतलाच माणूस म्हणा ना! १९१५ साली वॉशिंग्टन शहरात एका रात्री तो आपल्या वर्गमित्राच्या घरी गप्पा मारीत बसला होता. पृथ्वीबाहेर गेले तर तिथे काय असेल, असा विषय निघाला. वर्गमित्राच्या बायकोने म्हटले, हे सगळे लिहून काढा. तो म्हणाला, गोष्टीत प्रेमाचे प्रसंग लागतात, ते मला जमणार नाहीत. ती म्हणाली, ते मी लिहिते. तिचे नाव ली हॉकिन्स गार्बी. दोघांनी मिळून आरंभ केला. पुढे स्मिथने ती १९२० च्या सुमारास पुरी केली. कोणी छापीना. शेवटी १९२८ च्या ऑगस्टपासून ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकात ती क्रमशः आली, आणि तिच्यावर दोघांची नावे होती. १९४६ साली पुस्तक निघाले, त्यावरही दोघांची. पण पुढच्या आवृत्त्यांवरून बाईंचे नाव गळाले. तुमच्या-माझ्यासारख्या गृहिणीने पहिल्या वाटेत हात घातला होता, हे कित्येक वाचकांना माहीतही नसेल.

त्या कादंबरीची गोष्ट अशी. सीटन नावाचा तरुण शास्त्रज्ञ प्रयोग करीत असता त्याचे तांब्याचे पात्र एकाएकी खिडकीतून बाहेर उडून दिसेनासे होते. त्याला कळते की एका अज्ञात धातूच्या योगाने तांब्यातली सारी शक्ती मोकळी होते. श्रीमंत मित्राच्या साहाय्याने तो अंतराळयान बांधतो. एक दुष्ट शास्त्रज्ञ त्याच्या वाग्दत्त वधूला पळवून नेतो, त्याचे यान ताब्याबाहेर जाऊन दूर आकाशात भरकटते, सीटन पाठलाग करतो, आणि शेवटी परक्या ग्रहावर दोन लग्ने लागतात. रावण, सीता, पुष्पक विमान, सगळे आहे. आमच्या गच्चीवर हे ऐकून एक वहिनी म्हणाल्या, “ही तर आपलीच कथा, फक्त विमान तांब्यावर चालते!”

आता साध्या विज्ञानकथेत आणि ह्यात फरक काय? मी मुलीला हेच विचारले. आपल्याकडे दिवंगत जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा तुमच्यापैकी कुणी वाचली असेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती टोपणनावाने पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. अशा कथेत विज्ञानातली एक कल्पना घेतात आणि ती खरी मानली तर माणसाचे काय होईल ते दाखवतात. एकच दिवा, पण वातीवर नीट लक्ष. स्पेस ऑपेरात लग्नघरासारखा पसारा. शेकडो ग्रह, साम्राज्ये, आरमारे, घराणी, तह, दगाफटका, पिढ्यान् पिढ्यांचे वैर. भावना कुजबुजून सांगावयाच्या नाहीत, वरच्या पट्टीत. मला संगीत नाटकाचे उदाहरण आठवले. नायकावर प्राणसंकट आलेले असते आणि तो उभा राहून तान घेतो. आपण काय म्हणतो? अहो, मरायच्या वेळी गातो कसा हा? नाही. आपण ‘वन्स मोअर’ देतो. कारण ते खोटे आहे हे आपल्याला ठाऊक असते आणि त्यातली कळ खरी असते हेही ठाऊक असते.

जाणकारांचा या कादंबऱ्यांवर पहिला आक्षेप हाच, की ह्यांतले विज्ञान ढिले. तो आक्षेप खरा आहे, आणि तो समजावयास एक हिशेब पुरे. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली सोडले. माणसाने पाठवलेली सर्वांत दूर गेलेली वस्तू तीच. ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते; म्हणजे इथून पुणे काही सेकंदांवर. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या वेगाने तिथे जायचे म्हटले तर सुमारे ७५,००० वर्षे लागतील. आणि कादंबरीत तर मंगळवारी निघून शुक्रवारी पोचायचे असते! म्हणून मग लेखक कुठे आकाशात बोगदे कल्पितात, कुठे प्रकाशाहून वेगवान यंत्रे. ह्याला विज्ञान म्हणणे कठीण. पण मी म्हणते, त्या बोगद्यावाचून दोन जगांची गाठ पडणार कशी, आणि गाठ पडल्यावाचून गोष्ट होणार कशी? लाटी चिकटू नये म्हणून आपण पिठी लावतो. पापड काही पिठीचा नसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. जुन्या कादंबऱ्यांत बायका केवळ पळवून नेण्यापुरत्या आणि सोडवून आणण्यापुरत्या. परका ग्रह दिसला की जिंकायचा. स्मिथच्याच १९३० च्या पुढील भागात शत्रूची सगळी जात नायक नष्ट करतो आणि पुस्तकाला त्याचे काही वाटत नाही. पोरांच्या हाती असे पुस्तक द्यावे का, असे कुणी विचारले तर मी सांगेन, द्यावे. पण वाचून झाल्यावर त्याच्याशी बोलावे.

पुढे या जातीत मोठमोठी माणसे आली. आयझॅक अ‍ॅसिमॉव्हची ‘फाउंडेशन’ १९५१ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात एक गणिती सांगतो की हे साम्राज्य कोसळणार, मागून ३०,००० वर्षांचा अंधार येणार, पण आपण आतापासून ज्ञान जपले तर तो काळ १,००० वर्षांवर आणता येईल. त्यात तोफांपेक्षा बोलणे अधिक. १९६५ साली फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ आली. तिला स्पेस ऑपेरा म्हणावे की नाही यावर पंडितांचे वाद आहेत, पण साम्राज्य, घराणी आणि वैर तिच्यात आहेतच. तो सगळा ग्रह वाळवंटी. पाणी इतके दुर्मीळ, की अंगातून निघालेला ओलावा परत वापरण्यासाठी माणसे खास पोशाख घालतात. तिथला एक पुढारी भर सभेत सरदाराच्या मेजावर थुंकतो. सर्वांचे हात शस्त्राकडे जातात. मग कळते की तो अपमान नव्हे; आपल्या शरीरातले पाणी देणे हा त्यांचा सर्वांत मोठा मान. हे सांगून झाले तेव्हा आमच्यातल्या एक माणदेशी वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी लहानपणी टँकरमागे धावून हंडे भरले आहेत.

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला आणि ज्या नावाने हिणवत होते त्या नावाला पैसा आणि मान दोन्ही मिळाले. त्याच्या दुसऱ्या भागाचा, १९८० च्या चित्रपटाचा, पहिला खर्डा ली ब्रॅकेट या बाईंनी लिहिला. त्या जन्मभर अशाच कथा लिहीत आल्या होत्या आणि लोक हसत असतानाही ह्या आमच्या काळाच्या लोककथा आहेत असे ठणकावून सांगत होत्या. खर्डा देऊन १९७८ साली त्या वारल्या. चित्रपट त्यांनी पाहिला नाही. दुसऱ्या एक बाई, कॅरोलिन चेरी. प्रकाशकाला हे आडनाव प्रेमकथा लिहिणारीचे वाटले, म्हणून त्याला शेवटी एक मुके अक्षर जोडले, नावाची आद्याक्षरे केली, आणि त्या सी. जे. चेरी झाल्या. १९८२ साली त्यांच्या ‘डाउनबिलो स्टेशन’ला ह्युगो पारितोषिक मिळाले. विज्ञानकथांत हा मोठा मान समजतात.

आता गादीखाली राहिलेल्या दोन पुस्तकांकडे येते. ती दोन्ही लोइस मॅकमास्टर ब्युजोल्ड यांची. ह्या बाई १९८० नंतरच्या काळात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका लहान गावात राहत होत्या. दोन लहान मुले, हाती पैसा बेताचा. त्यांनी लिहावयास घेतले आणि पहिले पुस्तक विकले जाण्याआधीच तीन लिहून पुरी केली. १९८६ साली तिन्ही प्रसिद्ध झाली. पुढे सर्वोत्तम कादंबरीचे ह्युगो पारितोषिक त्यांना चार वेळा मिळाले.

पहिल्या पुस्तकाचे नाव ‘बरायार’. बरायार हा एक जुन्या चालीचा ग्रह. सरदार, तलवारी, घराण्याची अब्रू. तिथल्या एका सरदाराशी लग्न करून कॉर्डेलिया ही सुधारलेल्या ग्रहावरची बाई सून म्हणून येते. तिला दिवस गेलेले असतात. शत्रू विषारी वायू सोडतो. उताऱ्याने तिचा जीव वाचतो, पण पोटातल्या बाळाची हाडे ठिसूळ होतात. त्या काळात गर्भ वाढवण्याचे यंत्र असते, त्यात बाळ ठेवतात. आणि सासरा म्हणतो, असले व्यंगाचे मूल आमच्या घराण्यात नको, टाकून द्या. सून म्हणते, देणार नाही. पुढे बंड होते, ते यंत्र बंडखोरांच्या हाती पडते, आणि ही बाई दोन-चार माणसे घेऊन शत्रूच्या राजधानीत शिरते, बाळ सोडवून आणते, आणि बंडखोराचे मुंडके बाजारच्या पिशवीत घालून सभेपुढे टाकते! ह्यावर आमच्या गच्चीवर जो हशा आणि टाळ्या झाल्या त्याने खालचे भाडेकरू वर पाहावयास आले.

हसू ओसरल्यावर माझ्या ध्यानात आले की लेक हसत नाही. ती आपल्या पायाकडे पाहत होती.

बायांनो, तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, माझी धाकटी जन्मली तेव्हा तिचे डावे पाऊल आत वळलेले होते. प्लास्टरे झाली, एक शस्त्रक्रिया झाली, ती चालू लागली. थोडी लचकते, एवढेच. पण तिच्या पाचवीच्या दिवशी घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या होत्या, “आधीच दुसरी मुलगी, त्यातून पायाने अशी. फार जीव लावू नकोस हिला.” मी उत्तर दिले नाही. सतरा वर्षे ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, तिला तर नाहीच. पण मुलांना भिंतीही सांगतात. ती मला म्हणाली, “आई, तो बाळ पुढे मोठा होतो. पाच फूटसुद्धा नसतो, हाडे सारखी मोडतात, आणि तरी तो आरमाराचा सेनापती होतो. मला हे पुस्तक का आवडते, ते आता कळले?” मला कळले. आणि हेही कळले, की सदतीस रुपयांना मी काय विकले.

दुसऱ्या पुस्तकात ‘द माउंटन्स ऑफ मॉर्निंग’ ही दीर्घकथा आहे; १९८९ ची. तोच मुलगा, माइल्स, आता तरुण झाला आहे. डोंगरातल्या एका खेड्यातली बाई पायी चालत त्याच्या वडिलांच्या दारी येते. तिची तान्ही मुलगी मारली गेली आहे. बाळाचा गुन्हा एवढाच, की तिचा वरचा ओठ फाटलेला होता. साध्या शस्त्रक्रियेने बरा झाला असता. गावात बोलतात की नवऱ्याने मारले. माइल्स चौकशीला जातो. आणि शेवटी निघते ते असे, की मारणारी त्या बाईची सख्खी आई होती. आजीने नातीला मारले. जुन्या काळी असेच करावे लागे, आमच्या आईनेही केले, असे तिला वाटते. माइल्स तिला फाशी देत नाही. तो म्हणतो, तू कायद्याने मेलीस. तुझ्या मागे कुणी तुझ्या नावाने क्रियाकर्म करणार नाही. आणि त्या लेकीला तो शिक्षिका होण्यासाठी शिकावयास पाठवतो, म्हणजे ती परत येऊन त्या डोंगरात शाळा चालवील.

ही गोष्ट संपली तेव्हा ऊन उतरले होते आणि पापड गोळा करावयाचे राहून गेले होते. कुणीच उठेना. ही गोष्ट कुठल्या ग्रहावरची? आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा १९९४ साली झाला. तो कशासाठी करावा लागला, हे या सभेत कुणाला सांगावयास नको. हीच गोष्ट आपल्या तालुक्यातली म्हणून सांगितली असती तर आम्ही कुणाची सासू, कुणाची सून एवढेच शोधीत बसलो असतो. दूरच्या ताऱ्यावरची होती म्हणून सरळ काळजात उतरली. मला वाटते, या कादंबऱ्यांची विज्ञानसाहित्यातली जागा ती हीच. विज्ञान शिकवण्याचे काम दुसऱ्या कथा करतात. ह्या आपल्याला इतक्या दूर नेऊन उभे करतात, की तिथून आपले घर आपल्याला दिसते.

आणखी एकच उदाहरण देते. अ‍ॅन लेकी या बाई मुले वाढवत घरी होत्या. त्यांची पहिली कादंबरी ‘अन्सिलरी जस्टिस’ २०१३ साली आली, तेव्हा त्यांचे वय ४७. पुढच्या वर्षी मोठी तीन पारितोषिके तिने घेतली. त्यातल्या साम्राज्याच्या भाषेत स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणून सेनापती असो, दरोडेखोर असो, सर्वांना ‘ती’ म्हटले आहे. मराठीत तर क्रियापदसुद्धा बदलते. ‘डॉक्टर आले’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. मी गंमत म्हणून आठवडाभर मनातल्या मनात सर्वांना ‘ती’ म्हणून पाहिले. कलेक्टर आली, ड्रायव्हर आली, मुकादम आली. करून पाहा. डोके हलके होते.

रद्दीवाल्याकडे मी दोनदा जाऊन आले. त्याने माल केव्हाच पुढे दिला होता. तो भला माणूस, म्हणाला, “बाई, इंग्रजी पुस्तके आली तर तुमच्यासाठी ठेवीन.” अजून आलेली नाहीत. मुलीची मी क्षमा मागितली. आपल्याकडे आईने मुलीची क्षमा मागण्याची रीत नाही. जड गेले, पण मागितली. ती म्हणाली, “असू दे.” गणिताची शिकवणी तिने स्वतःहून लावली आहे. परीक्षा फेब्रुवारीत आहे. पास होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. मी मात्र तिच्याकडून रात्री अर्धा तास इंग्रजी शिकते. परवा ‘बरायार’च्या पहिल्या पानावरची दोन वाक्ये बोट ठेवून मीच वाचली. अर्थ तिने सांगितला.

शेवटी कार्यकारी मंडळाला एक विनंती करते. आपल्या वाचनालयाच्या कपाटात पाककृती, व्रतवैकल्ये आणि संतचरित्रे आहेत, ती असावीतच. पण खालचा एक कप्पा तरुण मुलामुलींनी निवडलेल्या पुस्तकांसाठी ठेवावा. मराठी विज्ञानकथा आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्याही त्यात याव्यात. त्या कप्प्यासाठी यंदाच्या पापडांच्या विक्रीतले माझ्या वाट्याचे पैसे मी देत आहे. आणि महिन्यातून एक दुपार ज्याने पुस्तक वाचले त्याने ते आपल्याला मराठीत सांगावे. आपण निवडणे, टिपणे, शिवणे काहीही करीत ऐकू.

आणि मैत्रिणींनो, मुलांचे पुस्तक रद्दीत टाकावेसे वाटले तर खुशाल टाका. पण आधी त्याला एवढे विचारा, की ह्यात काय आहे ते मला सांग. सांगून होईपर्यंत रद्दीवाला पुढच्या गल्लीत गेलेला असेल.